सिलिकॉनच्या रानात सापडलेला उजेड

मांडवगण फराट्याच्या कडेनं भीमा वाहते. अलीकडचा काठ शिरूर तालुक्याचा, पैलतीर दौंडचा. दोन्हीकडे ऊस. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडलेलं पाणी मोटारी उचलतात आणि पाइपलाइन ते शेतात नेते. थोडं वरच्या अंगाला, रांजणगाव सांडसजवळ, मुळा-मुठा भीमेला मिळते. त्यामुळे इथल्या पाण्यात भीमाशंकरच्या डोंगरावरचा पाऊस असतो, तसं पुणे शहराचं सांडपाणीही असतं. पाषाणमधून जाणारी रामनदी मुळेत, मुळा मुठेला घेऊन भीमेत, असा तो प्रवास आहे. काठावरचा माणूस पाण्याचा रंग, वास आणि जलपर्णी पाहून अंदाज बांधतो. पण जे खरं घातक, ते बहुतेक वेळा डोळ्याला दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा असा डोळ्यांसमोर आणावा: दहा हजार लिटरचे एक हजार टँकर ओळीनं उभे आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध आहे. ते शोधायचं कसं? या प्रश्नाचं एक उत्तर गेली शंभर वर्षं घडत आलं आहे. त्याची सुरुवात एका भारतीयानं केली, मधला टप्पा विलायतेत आणि अमेरिकेत पार पडला आणि अलीकडच्या तीन दशकांत त्यात पुण्याचाही हात लागला. तो इतिहास भीमाकाठच्या वाचकाला ठाऊक असायला हवा.

मुंबई बंदरातलं पत्र

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राच्या निळाईनं त्यांना वेड लावलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तोवर मानलं जाई. रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझमनं पृष्ठभागावरची चकाकी झाकून पाहिलं, तरी निळाई कायम राहिली. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा ‘नेचर’ नियतकालिकाला पाठवायचं टिपण तयार होतं.

पुढची सात वर्षं कलकत्त्यात, बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, याच विखुरलेल्या प्रकाशाचा पाठपुरावा चालला. के. एस. कृष्णन सोबत होते. सूर्यप्रकाशाचा झोत निळ्या-जांभळ्या गाळणीतून द्रवावर सोडायचा आणि विखुरलेल्या प्रकाशात दुसरा एखादा रंग मिसळला आहे का ते पाहायचं, अशी ती साधी मांडणी. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून स्पष्ट दिसलं की आत गेलेल्या रंगाखेरीज एक वेगळा, अंधुक रंग बाहेर येतो आहे. रेणू सतत थरथरत असतो. प्रकाश त्याला धडकतो तेव्हा क्वचित आपल्या ऊर्जेचा थोडा हिस्सा त्या थरथरीला देऊन टाकतो आणि बदललेल्या रंगानं बाहेर पडतो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून हा बदलही वेगळा. रेणूच्या बोटाचा ठसाच म्हणा. १९३० मध्ये रामन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ठसा अचूक होता, पण फार फिका होता. साधारण कोटीभर प्रकाशकणांमागे एखादाच रंग बदलतो. सुरुवातीच्या काळात एक वर्णपट टिपायला फोटोची काच तासन्‌तास उघडी ठेवावी लागे. १९६० साली लेझर आला आणि झोत प्रखर झाला. तरीही पाण्यातल्या लेशमात्र विषाचा आवाज ऐकू येईल इतकी ताकद या पद्धतीत नव्हती. शुद्ध द्रव भरपूर असेल तरच ती बोले.

खरखरीत चांदीची करामत

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅकक्विलन यांना धातूला चिकटलेले रेणू पाहायचे होते. एका थराइतकेच रेणू असल्यानं संकेत मिळणं कठीण. त्यांनी चांदीच्या विद्युतपट्टीवर प्रवाह उलटसुलट फिरवून ती खरखरीत केली. हिशेब सरळ होता: पृष्ठभाग खडबडीत झाला की क्षेत्रफळ वाढेल, जास्त रेणू बसतील, संकेत वाढेल. पिरिडीन नावाच्या द्रव्याचा संकेत खरोखरच जोरात मिळाला.

तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड व्हॅन डाइन आणि डेव्हिड जीनमेर यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट आणि क्रायटन यांनी, हा हिशेब तपासला. क्षेत्रफळ वाढलं होतं थोड्या पटींनी. संकेत मात्र एक लाख ते दहा लाख पट वाढला होता. एवढी तफावत क्षेत्रफळात बसत नव्हती.

उलगडा होत गेला तो असा. चांदी आणि सोनं यांच्या बारीक कणांत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. योग्य रंगाचा प्रकाश पडला की ते सगळे मिळून एका लयीत हेलकावतात. नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसंच. अशा कणाच्या टोकाशी किंवा दोन कणांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र कमालीचं दाटतं. क्षेत्र दहापट झालं तर तिथल्या रेणूचा रामन संकेत सुमारे दहा हजार पट होतो, कारण आत येणारा आणि बाहेर जाणारा असा दोन्हीकडचा प्रकाश वाढतो. १९९७ साली अमेरिकेत श्यूमिंग नी आणि स्टीव्हन एमोरी यांनी, तसंच कॅटरिन क्नाइप यांच्या गटानं, एकेका रेणूचा संकेत टिपल्याचं जाहीर केलं. जो फिकेपणा रामन परिणामाच्या पाचवीला पुजला होता, त्यावर खरखरीत धातूनं मात केली.

पण इथे नवी अडचण उभी राहिली. खरखरीतपणा नशिबावर सोडलेला होता. एका पट्टीवर जागा साधली जाई, शेजारच्या पट्टीवर नाही. आज मिळालेला आकडा उद्या मिळेलच अशी खात्री नव्हती. मोजमाप म्हणायचं तर तेच उत्तर पुन्हा यायला हवं. त्यासाठी खडबडीतपणाही शिस्तीत घडवता आला पाहिजे, आणि ती शिस्त ज्या पदार्थाकडे होती तो पदार्थ म्हणजे सिलिकॉन.

सिलिकॉनचं रान

सिलिकॉन आपल्याला परका नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात वजनानं निम्म्याच्या आसपास सिलिका आहे. उसाचं पाचट काढताना हात कापतो तो पात्याच्या कडेवरच्या सिलिकायुक्त, सूक्ष्म दातऱ्यांमुळे. चिपसाठी लागणारं सिलिकॉन मात्र अतिशुद्ध करून, स्फटिक वाढवून, आरशासारख्या गुळगुळीत चकत्यांत कापलेलं असतं.

१९५६ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आर्थर उलिर आणि इंगेबोर्ग उलिर हे जोडपं अशाच चकत्यांना विजेच्या साहाय्यानं झिलई देऊ पाहत होतं. हायड्रोफ्लोरिक आम्लात काही वेळा चकती चकचकीत होण्याऐवजी तिच्यावर काळपट, तपकिरी, लालसर थर येई. तो नको असलेला डाग म्हणून नोंदला गेला आणि जवळपास तीन दशकं बहुतेकांनी त्याकडे तसंच पाहिलं. प्रत्यक्षात ते सिलिकॉनच होतं, पण वाळवीनं पोखरलेल्या लाकडासारखं, अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेलं.

ही पोखरण जवळून पाहावी अशी आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, म्हणून भांडं टेफ्लॉनचं. तळाशी चकती, वर आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण, मिश्रणात प्लॅटिनमची तार. हे आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, त्यामुळे हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम ठेवल्याशिवाय जाणकार माणूस कामाला बसत नाही. प्रवाह सुरू झाला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. काही मिनिटांत करडी चकती रंग धरू लागते: तांबूस, हिरवट, जांभळट. ओल्या रस्त्यावर तेल सांडलं की जे रंग दिसतात त्याच कारणानं, थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळल्यानं, हे रंग उमटतात. प्रवाह वाढवला की छिद्रं मोठी होतात आणि वेळ वाढवला की थर जाड होतो. खडबडीतपणा आता दोन कळांच्या ताब्यात आला.

१९९० मध्ये इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथे ली कॅनम यांनी दाखवलं की अशी चकती अतिनील दिव्याखाली धरली तर साध्या तापमानाला लालसर उजेड देते. सिलिकॉन प्रकाश देत नाही, असं पाठ्यपुस्तकं सांगत. या बातमीनं जगभरच्या प्रयोगशाळा जाग्या झाल्या. १९९७ साली कॅलिफोर्नियात मायकेल सेलर आणि एम. रेझा घडिरी यांच्या गटांनी त्याच थराचा संवेदक केला. छिद्रांत रेणू शिरले की थराचा रंग किंचित सरकतो आणि त्या सरकण्यावरून रेणू आल्याचं कळतं. साधारण त्याच सुमारास हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटानं सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूत सिलिकॉनवर अतिलघू लेझर स्पंदनं सोडली. चकतीवर सूक्ष्म सुळक्यांचं रान उगवलं. प्रकाश त्या सुळक्यांत शिरला की एकीकडून दुसरीकडे आदळत आतच राहतो. म्हणून ते काळं दिसतं आणि त्याला काळं सिलिकॉन म्हणतात.

पुण्याची भर

कॅनम यांच्या शोधाची लाट पुण्यालाही पोचली. तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात प्रा. सुधा भोरासकर आणि प्रा. वि. ना. भोरासकर यांच्या गटानं नव्वदच्या दशकात सच्छिद्र सिलिकॉन तयार करून, त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर त्याचा उजेड कसा बदलतो याचा अभ्यास केला. त्याच विभागात प्रा. सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांवरचं संशोधन उभं केलं आणि विद्यार्थ्यांसाठी या विषयावर पाठ्यपुस्तकही लिहिलं. २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी सुचिता कलेले, सुरेश गोसावी आणि जे. उर्बान यांच्यासह कवचधारी कणांचा आढावा प्रसिद्ध केला. आत सिलिकाची गोळी आणि वर चांदी-सोन्याचं पातळ कवच अशी रचना केली, तर कवचाची जाडी बदलून कण कोणत्या रंगाला प्रतिसाद देईल हे ठरवता येतं. सिलिकॉन कुळातला पदार्थ आणि राजधातू यांची ही गाठ पुढच्या संवेदकांच्या गाभ्याशी आहे.

दुसरी भर पाषाणमधली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांनी एक विलक्षण वाट काढली. चांदी-सोन्याचे कण करायला जहाल रसायनंच कशाला हवीत? वनस्पती आणि बुरशी यांच्याकडून ते करून घेतले तर? २००३ साली त्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडून चांदीचे कण घडवून घेतल्याचं प्रसिद्ध केलं. हरभऱ्यावर मर रोग आणणारी बुरशी याच कुळातली, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पुढे त्याच बुरशीकडून वाळूतली सिलिका सोडवून तिचे नॅनोकण मिळवण्याचं काम विपुल बन्सल यांच्यासह झालं आणि भाताच्या तुसातल्या सिलिकेवरही प्रयोग झाले.

२००४ साली ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये याच गटाचा जो निबंध आला, त्याचा मुख्य घटक आपल्या परसात असतो: गवती चहा. गवती चहाची पानं उकळून काढलेला अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला की सोन्याचे सपाट त्रिकोण तयार होतात. एस. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग ही नावं त्या निबंधावर शास्त्री आणि अहमद यांच्यासोबत आहेत. त्रिकोणाला टोकं असतात आणि विद्युतक्षेत्र दाटतं ते टोकांशीच. गवती चहाच्या काढ्यातून असे कण मिळावेत, ही पुण्याची या इतिहासातली फार मोलाची नोंद आहे.

एनसीएलच्या शेजारी २००६ साली आयसर पुणे ही संस्था सुरू झाली. तिथे जी. व्ही. पवन कुमार यांचा गट धातूच्या नॅनोरचनांजवळ प्रकाश कसा वागतो आणि एकेका रेणूचा रामन संकेत कसा वाचावा यावर काम करतो. २८ फेब्रुवारीच्या कलकत्त्यातल्या दिवसाशी पाषाणचं नातं आता असं थेट जुळलं आहे.

थायरमचा एक थेंब

एकविसाव्या शतकात दोन्ही धागे एकत्र आले. सिलिकॉनवर सुळके किंवा छिद्रं घडवायची आणि त्यांवर चांदी बसवायची. सच्छिद्र सिलिकॉन चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवलं की वीज न लावताही चांदीचे कण त्याच्यावर आपोआप जमतात. सुळके एकसारखे, म्हणून कणांमधल्या फटीही बऱ्याच अंशी एकसारख्या. नशिबाच्या जागी शिस्त आली.

या पृष्ठभागांच्या चाचणीसाठी जगभर वापरलं जाणारं एक द्रव्य आपल्या शेतातलं आहे: थायरम. सोयाबीन-भुईमुगाच्या बीजप्रक्रियेत शेतकरी ते वापरत आले आहेत. थायरमच्या रेणूचे दोन सारखे भाग मध्ये गंधकाच्या दोन अणूंनी जोडलेले असतात. थेंब चांदीवर पडला की तो गंधकाचा सांधा तुटतो आणि दोन्ही भाग गंधकाच्या बाजूनं चांदीला घट्ट चिकटतात. नेमके त्या जागी, जिथे क्षेत्र दाटलेलं असतं. लेझर सोडला की पडद्यावर आलेख उमटतो. ५२० या आकड्याजवळ एक सुळका दिसतो, तो सिलिकॉनचा स्वतःचा. उपकरण बरोबर लागलं आहे याची खूण म्हणून प्रयोगकर्ते तो आधी पाहतात. आणि पुढे १३८० च्या आसपास दुसरा सुळका उठतो, तो थायरमचा. थेंब पाण्यासारखाच नितळ होता, तरी त्यानं आपलं नाव सांगितलं.

या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. प्रयोगशाळेतलं पाणी स्वच्छ असतं. नदीच्या पाण्यात गाळ, शेवाळ, साबण आणि कुजलेला पाला असतो आणि ते सगळे त्याच फटींवर हक्क सांगतात. चांदी चिकटवून घेईल असा सांधा प्रत्येक रेणूत नसतो. देवघरातली चांदी काळी पडते तशी या पट्टीवरचीही पडते. म्हणून कायद्याला मान्य होणारी तपासणी आजही मोठ्या यंत्रांवरच होते.

तशा यंत्रांची किंमत महाराष्ट्रानं जाणली ती २०१० साली. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्यानं युरोपात आपल्या द्राक्षांची खेप अडकली. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात तेच हे द्रव्य. तोवर या द्रव्याची तपासणी होत नव्हती. नुकसान झाल्यावर ती सुरू झाली. मुळा-मुठेच्या काठी मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा असे अंश मोजण्याचं काम करते. पण बागेतून नमुना काढायचा, मांजरीला धाडायचा आणि निकालाची वाट पाहायची, हा खर्च निर्यातदाराला परवडतो. विहिरीचं पाणी पिणाऱ्या घराला अशी तपासणी कोण करून देणार? बांधावर थेंब टाकून आधी संशयित नमुने वेगळे काढता आले आणि तेवढेच मोठ्या यंत्राकडे धाडता आले, तर तपासणी गावाच्या आवाक्यात येईल. सिलिकॉनच्या पट्टीचं खरं काम हेच आहे.

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. समुद्राची निळाई, खरखरीत झालेली चांदी, झिलई बिघडलेली चकती, हरभरा मारणारी बुरशी: ज्याकडे लोकांनी दुर्लक्ष केलं किंवा ज्याला दोष मानलं, त्याच्याकडे कुणीतरी थांबून पाहिलं आणि ज्ञान पुढे गेलं. भीमेच्या पाण्याकडेही आता तसंच थांबून पाहण्याची गरज आहे. पाषाणचं पाणी मांडवगणला पोचतं. पाषाणचं ज्ञानही तिथवर पोचलं पाहिजे.

२८ फेब्रुवारी २०२८ रोजी रामन परिणामाला शंभर वर्षं पूर्ण होतील. पुण्यातल्या प्रयोगशाळांना, शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे की तो दिवस भाषणांत घालवू नये. रांजणगाव सांडसच्या संगमावरून आणि मांडवगणच्या काठावरून पाण्याचे नमुने घ्यावेत, अर्धे सिलिकॉनच्या पट्टीवर आणि अर्धे मान्यताप्राप्त यंत्रावर तपासावेत आणि दोन्हीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. आपण काय पितो, हे कळण्याचा पहिला हक्क काठावर राहणाऱ्या माणसाचा आहे.